अंगणात गिअर ऑइलचा डाग पडतोय, गिअरबॉक्स उतरवायलाच हवा का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. गाडी २००४ सालची मारुती ८००, घर गोव्यात फोंड्याला, गाडी रोज अंगणात उभी. पावसाळा सरल्यापासून रोज सकाळी पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला भाकरीएवढा तेलाचा डाग दिसतो. गॅरेजवाल्याने खाली न वाकताच "गिअरबॉक्स उतरवावा लागेल" असं सांगितलं आणि आकडा ऐकून तुम्ही गाडी घेऊन परत आलात. हे काम घरी होईल का, असं विचारताय.

बहुतेक होईल. पण त्याआधी एक काम आहे, तेल नक्की कुठून येतंय ते शोधायचं. म्हापसा-डिचोली पट्ट्यात तीस वर्षं गाड्यांखाली झोपून काढल्यावर मी छातीठोक सांगतो, गळती थांबत नाही ती सील (फिरत्या दांडीभोवती तेल अडवणारं रबरी कडं) वाईट होतं म्हणून क्वचितच. भलतंच सील बदललं जातं, नाहीतर सील का फुटलं हे कुणी बघितलेलंच नसतं. त्यामुळे आज पाना हातात घेऊ नका. आज फक्त बघायचं.

पहिली गोष्ट, ते गिअर ऑइलच आहे का? डागात बोट बुडवा आणि नाकाशी न्या. गिअर ऑइलला गंधकाचा वास असतो, नासलेल्या लसणीसारखा. दातांवर येणारा जोर सोसावा म्हणून त्यात जे घातलेलं असतं त्याचा तो वास, आणि एकदा ओळखला की आयुष्यभर विसरत नाही. माझ्या शर्टांना तो असा बसलाय की घरी ते वेगळे धुतात. इंजिन ऑइलला जळका वास येतो आणि ते काळं असतं. ब्रेक ऑइल पातळ, जवळजवळ पाण्यासारखं, आणि तसं निघालं तर गाडी जागची हलवू नका. हिरवं किंवा नारिंगी, बोटाला चिकट लागणारं असेल तर ते कूलंट. एसीखाली साठलेलं साधं पाणी बघून घाबरून आलेली माणसंही मी पाहिलीत. आणखी एक फसगत म्हणजे चाकाच्या आतल्या बाजूला काळं, घट्ट ग्रीस उडालेलं दिसतं. ते गिअरबॉक्सचं नव्हे, एक्सलच्या (गिअरबॉक्सपासून चाकापर्यंत जाणाऱ्या दांडीच्या) जॉइंटवरचा रबरी बूट फाटलेला असतो. ते काम वेगळं, पण तेही लवकर करा, नाहीतर आत माती जाऊन जॉइंट कटकट वाजायला लागतो.

वास गिअर ऑइलचाच निघाला असं धरून पुढे जाऊ.

थेंब जिथे पडतो तिथे गळती नसते. तेल वरून ओघळतं, गाडी चालताना वाऱ्याने मागे पसरतं आणि मग सगळ्यात खालच्या बोल्टच्या टोकावरून टपकतं. म्हणून डाग बघून सील ठरवू नका. गिअरबॉक्स बाहेरून स्वच्छ करायचा. जुना ब्रश आणि डिझेल घ्या, पेट्रोल अजिबात नको. वर्षानुवर्षांची माती आणि तेल मिळून झालेला थर सुरीने खरवडावा लागतो. आपल्याकडच्या तांबड्या मातीचा तो थर वाळला की विटेसारखा होतो. मग चिंधीने कोरडं करा, तासभर वारा लागू द्या, आणि पफने अंगाला लावायची टाल्कम पावडर सगळीकडे फुंकून बसवा. गाडी पाच-सात किलोमीटर फिरवून आणा, अंगणात उभी करा आणि टॉर्च घेऊन आत बघा. पांढऱ्यावर ओला पट्टा कुठून सुरू होतो ते स्पष्ट दिसतं. लहान मुलालाही दाखवता येईल इतकं.

तो पट्टा सापडण्याच्या जागा फार नाहीत. डावा किंवा उजवा एक्सल जिथे गिअरबॉक्समध्ये शिरतो तिथली ऑइल सीलं, ही सगळ्यात जास्त. गिअर बदलणारी दांडी जिथे आत जाते तिथलं छोटं सील, ते दुसऱ्या नंबरला. मग ड्रेन प्लग (तेल काढायचा खालचा बोल्ट), स्पीडोमीटर केबलच्या गिअरवरची ओ-रिंग (रबरी कडी), रिव्हर्स लाइटचा स्विच आणि केसिंगच्या (गिअरबॉक्सच्या बाहेरच्या कवचाच्या) दोन अर्ध्या भागांचा जोड. शेवटची जागा म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथली, बेल हाउसिंगच्या तळातून येणारं तेल. तिथून येत असेल आणि वास गंधकाचा असेल, तर आतलं इनपुट शाफ्टचं (इंजिनाची ताकद गिअरबॉक्समध्ये आणणाऱ्या दांडीचं) सील गेलंय. वास इंजिन ऑइलचा असेल, तर क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य दांडीचं) मागचं सील. दोन्हीला गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, तिथे गॅरेजवाल्याचं बरोबर. तुमचा डाग मात्र चाकाच्या आतल्या बाजूला आहे, त्यामुळे माझा संशय एक्सलच्या सीलावर आहे. क्लच या बेल हाउसिंगच्या आतच असतो, तो तेल लागून घसरतो का, म्हणजे चोर्ल्याचा घाट चढताना इंजिन ओरडतं आणि गाडी पुढे सरकत नाही असं होतं का, तेही बघा. तसं होत नसेल तर बेल हाउसिंगची भीती आणखी कमी झाली.

आता ज्यावर कुणीच बोलत नाही ते, ब्रीदर.

गिअरबॉक्सच्या माथ्यावर अंगठ्याच्या नखाएवढी टोपी किंवा रबरी नळी असते. गाडी चालली की आतलं तेल तापतं, आतली हवा फुगते आणि या वाटेने बाहेर पडते. ही वाट मातीने बंद झाली की फुगलेली हवा दुसरीकडून वाट काढते, म्हणजे सीलाच्या ओठातून (दांडीला घासणाऱ्या कडेतून), आणि जाताना तेल बरोबर घेऊन जाते. नवं सील घातलं तरी ते दोन महिन्यांत गळायला लागतं आणि मग दोष सीलाच्या कंपनीवर जातो. २०१२ मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद व्हायच्या आधी डिचोलीच्या ट्रकांच्या रस्त्यावर रोज फिरणाऱ्या गाड्या आमच्याकडे यायच्या. त्यांचे ब्रीदर मी तारेने उकरून काढलेत, मातीचा खडा बाहेर पडायचा. एका गाडीची दोन्ही बाजूंची सीलं आधी दुसरीकडे बदलून झाली होती आणि मी फक्त ती टोपी मोकळी करून गाडी परत दिली. मालकाला वाटलं, मी काहीतरी लपवतोय.

पावसात याच ब्रीदरची उलटी गंमत होते. गरम गिअरबॉक्स घेऊन तुम्ही पाणी साठलेल्या रस्त्यात शिरता, तो एकदम थंड होतो, आतली हवा आक्रसते आणि बाहेरचं काहीही आत ओढते. ओढायला पाणी असेल तर पाणी. खाजनाच्या (खाडीकाठच्या खारट शेतजमिनीच्या) बांधाजवळच्या सखल रस्त्यांवर जुलै-ऑगस्टमध्ये हे होतं. प्लग उघडल्यावर तेल दुधाळ, कॉफीच्या रंगाचं निघालं तर पाणी शिरलंय असं समजा आणि सगळं तेल बदला. तुमची गळती पावसाळ्यानंतर सुरू झाली म्हणता, म्हणून हे आधी सांगितलं. ब्रीदर आधी मोकळा करा, आठ दिवस चालवून बघा. सील नवं असेल आणि फक्त दाबामुळे गळत असेल तर तेवढ्यावर भागूनही जाईल.

भागलं नाही तर आता काम.

गाडी वर घेण्याबद्दल दोन शब्द, आणि हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. चिऱ्यावर, म्हणजे बांधकामाच्या जांभ्या दगडावर, गाडी ठेवायची नाही. आपल्या प्रत्येक घराच्या मागे चार-दोन चिरे पडलेले असतात, उंचीही बरोबर वाटते आणि मोह होतो. चिरा भिंतीत रचलेला असतो तेव्हा मजबूत. एकट्या चिऱ्याच्या एका कोपऱ्यावर गाडीचं वजन आलं की तो न सांगता फुटतो. मी शिकाऊ असताना आमच्या उस्तादाने एक व्हॅन दोन चिऱ्यांवर घेतली होती. मी पाना आणायला म्हणून बाहेर सरकलो आणि "खच्च" असा आवाज झाला, नारळ फोडल्यासारखा. मी जिथे झोपलो होतो तिथे तेलाचा डबा होता, तो पापडासारखा चपटा झाला. त्या दिवसापासून मी लोखंडी स्टँडशिवाय गाडीखाली गेलेलो नाही. दोन स्टँड विकत घ्या किंवा कुणाकडून मागून आणा, गाडीबरोबर आलेला कात्री जॅक फक्त उचलायला वापरा. मागच्या चाकांना उटी (गाडी घरंगळू नये म्हणून दगड किंवा ठोकळा) लावा, हँडब्रेक ओढा. स्टँडवर ठेवल्यावर गाडीला खांद्याने जोरात ढकलून बघा. हलायचीच असेल तर तुम्ही बाहेर असताना हलू दे.

तेल काढण्याआधी गाडी दहा मिनिटं चालवून आणा, कोमट तेल लवकर आणि पूर्ण उतरतं. आणि खालचा ड्रेन प्लग सोडायच्या आधी वरचा, बाजूचा भरायचा प्लग सोडून बघा. या क्रमात मी एकदा चुकलो होतो. आधी खालचं सगळं तेल काढलं आणि मग कळलं की वरचा प्लग गंजून घट्ट बसलाय, त्याची कडाही गेलीय. तेल नाही आणि भरायला वाट नाही, अशी गाडी दोन दिवस आमच्या शेडमध्ये उभी राहिली आणि मालक रोज येऊन बघून जायचा.

खालच्या प्लगच्या टोकाला चुंबक असेल तर त्यावर राखाडी लोणी जमलेलं दिसेल. बोटांत चोळून मऊ लागलं तर ठीक, इतक्या वर्षांच्या गाडीत तेवढी झीज असते. टोचणारे कण किंवा दाताचा तुकडा निघाला तर सील बदलून उपयोग नाही, आतलं काम निघालंय.

एक्सल काढणं ऐकायला मोठं वाटतं, पण त्यात अवघड भाग एकच आहे. चाक काढा, चाकाच्या खालच्या आर्मचा बॉल जॉइंट नकलमधून (चाकाचा हब धरणाऱ्या लोखंडी तुकड्यातून) सोडवा म्हणजे नकल बाहेर झुकवता येतो. मग गिअरबॉक्सचं केसिंग आणि एक्सलचा आतला जॉइंट यांच्यामध्ये टायर काढायची लोखंडी टॉमी घालून बाहेर रेटा द्या. आतली सर्कलिप (एक्सल अडकवून ठेवणारी तारेची कडी) सुटते आणि एक्सल एका झटक्यात बाहेर येतो. एक्सलची दांडी धरून ओढू नका. तसं केलं तर आतला जॉइंटच सुटून येतो, सर्कलिप तशीच राहते आणि बुटातलं सगळं ग्रीस तुमच्या हातावर. बाहेर आलेला एक्सल लोंबकळत ठेवू नका, सुंभाने वर बांधा. ब्रेकची रबरी नळी ताणली जात नाही ना, तेही बघत राहा. एवढं केलं तर हबचा मोठा नट सोडायचीही गरज पडत नाही.

आता जुनं सील समोर आहे. उखडायच्या आधी ते किती आत बसलंय ते बघून ठेवा, कडेच्या बरोबरीत की दोन मिलिमीटर आत. मोबाइलवर फोटो काढा. मग चपट्या स्क्रू ड्रायव्हरने उचका, पण ॲल्युमिनिअमच्या भिंतीला ओरखडा पाडू नका, त्या ओरखड्यातूनच पुढे तेल येतं. सीलावरचा नंबर घेऊन दुकानात जा. डाव्या-उजव्या बाजूचं सील सारखंच असेल असं गृहीत धरू नका. सीलाची किंमत चार जणांच्या भाजी-पावापेक्षा जास्त नसते, तेव्हा स्वस्त नकली घेऊन हा सगळा व्याप दुसऱ्यांदा करू नका.

नवं सील लावायच्या आधी एक्सलचा तो गुळगुळीत भाग, ज्यावर सीलाचा ओठ फिरतो, पुसून घ्या आणि त्यावर नख आडवं फिरवा. नख अडकलं तर तिथे खाच पडलीय. आमच्याकडे या खाचेपेक्षा गंजाचे टिपके जास्त मिळतात. बोटीवर कामाला असलेल्या माणसाची गाडी सात-आठ महिने शेडमध्ये उभी असते, समुद्राकडची खारट हवा लागते, ओठाखाली शाफ्टला गंज चढतो आणि रबर एकाच जागी कडक होतं. मालक सुट्टीवर आला, किल्ली फिरवली, आठ दिवसांत डाग. टिपके बारीक असतील तर अगदी बारीक पॉलिश पेपर ओला करून गोल फिरवत घासा, उभा-आडवा नको. खाच असेल तर नवं सील जुन्यापेक्षा एक-दीड मिलिमीटर कमी आत बसवा, म्हणजे ओठ खाचेवर न येता कोऱ्या भागावर येतो. तेवढी जागा आहे का ते आधी मोजून बघा. खाच खोल असेल तर एक्सलच बदलावा लागेल, उगाच सीलावर सील बसवत राहू नका.

सील बसवताना आत स्प्रिंग दिसते ती बाजू तेलाकडे, म्हणजे गिअरबॉक्सच्या आत. ओठाला गिअर ऑइल चोळा, कोरडं सील पहिल्या किलोमीटरलाच करपतं. हातोडीने एका बाजूला ठोकू नका. सीलाच्या बाहेरच्या कडेएवढ्या व्यासाचा सपाट तुकडा हवा. दुकानात यासाठी खास हत्यार मिळतं. मी कित्येक वर्षं नळकाम करणाऱ्याकडून आणलेला पीव्हीसीचा जोड वापरतो. त्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून हलक्या हाताने ठोकत गेलं की सील चहूकडून सारखं आत सरकतं. तिरकं बसलं तर काढा. "चालेल" म्हणू नका.

एक्सल परत घालताना त्याचे दाते सीलाच्या ओठाला घासून जायला नकोत, तो नवा ओठ तिथेच फाटतो. एका हाताने वजन उचलून मधोमध घाला. सर्कलिप नवी घाला, काही रुपयांची वस्तू आहे. शेवटी जॉइंटवर तळहाताने धक्का द्या, "टक्" ऐकू आलं की जॉइंट धरून बाहेर ओढून बघा. तो निघता कामा नये. बॉल जॉइंटचा बोल्ट आठवणीने आवळा. गळतीच्या नादात तो विसरलेला माणूस मला माहीत आहे, त्याची गाडी सुदैवाने गेटमधून बाहेर पडण्याआधीच खाली बसली.

तेल कुठलं? जुन्या मारुतीला मी ८०डब्ल्यू-९० किंवा ७५डब्ल्यू-९० (हे तेलाच्या घट्टपणाचे आकडे) घालतो, पण डब्यावर जीएल-४ (हा तेलाचा दर्जा) लिहिलेलं. जीएल-५ चा आकडा मोठा म्हणून तो चांगला, असं दुकानदार समजावतो. तो डिफरन्शियलसाठी (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरसंचासाठी) चांगला. जुन्या गिअरबॉक्सच्या सिंक्रोनायझर रिंगा (गिअर अलगद पडावा म्हणून असलेल्या) पितळेच्या असतात, त्यांना जीएल-५ मधला गंधक बाधतो आणि काही काळाने गिअर घासून पडायला लागतात. दोन-सव्वादोन लिटर आणून ठेवा. नक्की किती जाणार ते गाडीच्या पुस्तकात बघा, पण शेवटचा शब्द त्या बाजूच्या भोकाचा. या गाडीला गिअर ऑइलची डिपस्टिक नाही. भोकाच्या खालच्या कडेपर्यंत तेल आलं आणि बारीक धारेने बाहेर यायला लागलं की भरलं.

फक्त गाडी त्या वेळी सपाट हवी. आपली अंगणं पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून उतरती केलेली असतात आणि गाडी पुढून उचललेलीच असते. अशात भोकापर्यंत भरलं तर कमी तरी जातं नाहीतर जास्त तरी. गवंड्याकडे लेव्हल ट्यूब असते, ती मागा, आणि चारही बाजू सारख्या करून मग भरा. जास्त झालेलं तेल ब्रीदरमधून बाहेर येतं आणि तुम्ही पुन्हा गळती शोधत बसता. भरायला औषधाच्या दुकानातून मोठी सिरिंज आणि हातभर नळी पुरते, वेळ लागतो एवढंच.

प्लगला वॉशर असेल तर नवा घाला, नसेल तर आट्यांना सीलंट लावा. पान्याला पाइप लावून जोर काढू नका, केसिंग ॲल्युमिनिअमचं आहे, आटे गेले की मोठं काम होऊन बसतं.

गिअरच्या दांडीचं सील गळत असेल तर एवढा खटाटोप नाही. दांडीचा जोड सोडायचा, रबरी टोपी काढायची, जुनं सील उपसून नवं घालायचं, सकाळच्या चहापासून दुपारच्या जेवणापर्यंत होतं. केसिंगच्या जोडातून पाझरत असेल तर मी सहसा तसंच सोडतो, महिन्यातून एकदा लेव्हल बघायची. नुसत्या ओलाव्यासाठी गिअरबॉक्स उघडणं मला पटत नाही. तेलात घालायची "गळती थांबवणारी" औषधं मिळतात, ती रबर फुगवतात. जुनं कडक सील काही दिवस गप्प बसतं, मग आणखी मऊ होऊन सुटतं. गाडी विकायला काढणारे ते घालतात, एवढंच मी म्हणेन.

कुणाकडे ऑटोमॅटिक असेल तर वरचं बरंचसं त्याला लागू नाही. त्यातलं तेल लाल असतं, त्याची लेव्हल बहुधा इंजिन गरम आणि चालू ठेवून बघतात, आणि कंपनीने सांगितलेल्या तेलाऐवजी दुसरं घातलं तर आतल्या पट्ट्या घसरायला लागतात. शिवाय पुष्कळ गाड्यांत पॉवर स्टिअरिंगलाही तेच लाल तेल असतं, तेव्हा लाल डाग दिसला म्हणून लगेच गिअरबॉक्सवर आळ घेऊ नका.

काढलेलं जुनं तेल झाकणाच्या कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या, भंगारवालेही घेतात. परसात ओतू नका. आपल्या चिऱ्याच्या जमिनीला भोकंच भोकं असतात, तेल थेट विहिरीच्या झऱ्यापर्यंत जातं. वाळवीसाठी वाशांना काळं तेल चोळायची जुनी पद्धत आहे खरी, पण गिअर ऑइल चोळलंत तर त्या घरात कुणी जेवायला बसणार नाही.

सगळं झाल्यावर पावडर पुन्हा फुंका, रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरा आणि त्यावर चारही चाकांच्या जागा पेनाने आखून ठेवा. आठ दिवसांनी एखादा थेंब पडलाच तर तो कुठल्या बाजूचा ते कळेल. पहिल्या दोन-तीन दिवसांत पडलेला थेंब मनावर घेऊ नका, केसिंगच्या कानाकोपऱ्यात अडकलेलं जुनं तेल खाली येत असतं. शे-दीडशे किलोमीटर झाले की भरायचा प्लग सोडून लेव्हल परत बघा. आणि ती वरची टोपी दर मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी, तारेने एकदा मोकळी करत जा.